घराची डागडुजी: मालकाचे हात, सरकारचा हातभार



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले नाही. पण निवृत्तीनंतर ते जे काम करत, त्याबद्दल या तालुक्यात मी पुष्कळ ऐकले आहे. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसून ते लोकांना अर्ज लिहून देत. पिकाच्या नुकसानीचा, निराधारांच्या पगाराचा, वारसनोंदीचा, पावसात पडलेल्या भिंतीचा. सरकारच्या तिजोरीत आपल्यासाठी ठेवलेला पैसा आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने येतो, हे सामान्य माणसाला कळलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. तोच धागा धरून आज मी घराच्या दुरुस्तीबद्दल बोलणार आहे.

नवे घर बांधायला सरकार पैसे देते, हे आता गावात सगळ्यांना माहीत आहे. घरकुलाची यादी लागली की पारावर दुसरा विषय नसतो. पण ज्याचे घर उभे आहे, मात्र भिंतीला तडा गेला आहे, आढे वाकले आहे, पत्रे उडाले आहेत, त्याने कोणाकडे जायचे? त्याला काय मिळते, किती मिळते, केव्हा मिळते? हे विचारले तर बहुतेक जण गप्प होतात. आपल्या राज्यात बेघरांपेक्षा मोडकळलेल्या घरात राहणारेच जास्त दिसतात, तरी हा प्रश्न सभेत कोणी मांडत नाही.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. दुरुस्तीसाठी दिलेला सरकारी रुपया फार मोठे काम करतो, मात्र त्याला तीन गोष्टींची जोड लागते. पैसा घरमालकाच्या हातात पडला पाहिजे, तो वेळेवर पडला पाहिजे आणि त्याच्या पाठोपाठ बांधकामातला जाणकार माणूस दाराशी आला पाहिजे. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की काय घडते, हे महाराष्ट्राने एकदा पाहिले आहे. तो अनुभव आपलाच आहे आणि आपणच तो विसरत चाललो आहोत.

माळवदाची घरे का कोसळली

30 सप्टेंबर 1993 ची पहाट. गणपती विसर्जन करून गावे झोपली होती. चार वाजायला चार मिनिटे कमी असताना लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील जमीन हादरली. किल्लारी, सास्तूर या परिसरात सुमारे आठ हजार माणसे गेली. धरणीकंपाच्या नकाशावर हा भाग तोपर्यंत सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. पुढे 2002 साली नकाशा सुधारला, तो सर्वांत खालचा पट्टाच रद्द झाला आणि हा प्रदेश तिसऱ्या पट्ट्यात गेला.

माणसे मेली ती घरांखाली. म्हणून आधी त्या घरांकडे पाहिले पाहिजे. मराठवाड्यातले जुने घर म्हणजे माळवद. दोन फुटांपासून चार फुटांपर्यंत जाड दगडी भिंती, लाकडी खांब-तुळया आणि वर मातीचे छप्पर. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार, धान्याला आणि माणसाला सारखेच मानवणारे घर. पण त्याच्या दोन खोडी होत्या. गळती लागू नये म्हणून दर पावसाळ्याआधी माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर पडे आणि जुना थर काढण्याची पद्धत नव्हती. वर्षानुवर्षे छपराचे ओझे वाढत गेले. दुसरी खोड भिंतीत होती. बाहेरचा थर आणि आतला थर वेगवेगळे रचलेले, मध्ये दगडगोटे आणि माती भरलेली. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड क्वचितच. धक्का बसला की भिंतीला पोट येई, दोन थर एकमेकांपासून सुटत आणि टनावारी माती खाली येई.

हे नीट समजून घ्या, कारण दुरुस्तीचा सगळा विचार इथून सुरू होतो. घर दगडाचे होते म्हणून पडले, असे लोकांना वाटले. खरे कारण असे की दगड दगडाला बांधलेला नव्हता आणि डोक्यावरचे ओझे कोणी कमी केले नव्हते. या दोन्ही गोष्टी घर न पाडता सुधारता येतात.

एक लाख ऐंशी हजार घरे

जागतिक बँकेच्या कर्जाची जोड घेऊन राज्य सरकारने 1994 मध्ये भूकंप पुनर्वसनाचा कार्यक्रम हाती घेतला. गावांची वर्गवारी झाली. जी 52 गावे पार उद्ध्वस्त झाली होती, त्यांना नव्या जागी वसवायचे ठरले. काही गावांत त्याच जागी नवी घरे बांधायची होती. आणि तिसरा वर्ग होता, ज्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली नाहीत. लातूर, उस्मानाबाद, सोलापूर, बीड आणि आणखी काही जिल्ह्यांतली दोन हजारांहून अधिक गावे, जिथे घरे तडकली होती, पण उभी होती. तिथल्या घरांसाठी दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम आला.

नव्या जागी वसवलेल्या गावांत घराचा आकार सरकारने जमिनीच्या मालकीवरून ठरवला. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला 250 चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत 400, त्यावर 750. घर ठेकेदाराने किंवा देणगीदार संस्थेने बांधून किल्ली हातात द्यायची. दुरुस्तीच्या गावांत रीत उलटी होती. नुकसानीच्या प्रतीप्रमाणे 17,000 किंवा 34,000 रुपये मंजूर होत, पैसे मालकाच्या बँक खात्यात हप्त्याहप्त्याने जमा होत आणि काम मालकानेच करून घ्यायचे. गवंडी त्याने ठरवायचा, वाळू त्याने आणायची, जुन्या घरातले सागवान पुन्हा कुठे वापरायचे तेही त्यानेच ठरवायचे. सरकारचा अभियंता येऊन सांगे, दाखवी, तपासणी करी आणि काम पाहून पुढच्या हप्त्याची शिफारस करी.

या पद्धतीने 1 लाख 80 हजारांहून अधिक घरांचे काम झाले. आकडा पुन्हा मनात घोळवून पाहा. एवढी घरे कोणत्याही ठेकेदाराने बांधली नाहीत. ती लोकांनी उभी केली.

मी त्या काळात बांधकाम खात्यात होतो आणि काही वर्षे या दुरुस्तीच्या कामावर होतो. तेव्हा आमच्या हातात जे तंत्र होते, ते रुरकीचे प्राध्यापक आनंद स्वरूप आर्य यांच्यासारख्या तज्ज्ञांनी मांडलेले होते. दगड-मातीच्या घरांसाठी आणि अशा घरांच्या दुरुस्तीसाठी भारतीय मानक ब्यूरोची स्वतंत्र मानके 1993 सालचीच आहेत. कागदावर ती किचकट दिसतात. भिंतीजवळ उभे राहिले की सोपी होतात.

भिंतीतला आरपार दगड

एक काम तुम्हाला जवळून दाखवतो. भिंतीचे दोन थर एकत्र बांधायचे आहेत. गवंडी भिंतीवर खडूने खुणा करतो. दोन खुणांत साधारण मीटरभर अंतर. वरची रांग खालच्या रांगेच्या बरोबर वर न घेता मधोमध घ्यायची. मग खुणेवरचा एक दगड हळूहळू हलवून बाहेर काढायचा. इथे घणाला काम नाही. पहारीच्या टोकाने माती उकरत पलीकडच्या तोंडापर्यंत जायचे. छिद्र दोन्ही तोंडांशी रुंद आणि मध्ये अरुंद ठेवायचे. त्यात दोन्ही टोकांना आकडे वळवलेली लोखंडी सळई ठेवायची आणि काँक्रीट ठासून भरायचे. एका भिंतीत एकाच दिवशी फार छिद्रे पाडायची नाहीत, नाहीतर दुरुस्तीच भिंतीच्या मुळावर येते. भरलेल्या जागी पुढचे आठ-दहा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचे. वाळल्यावर तो काँक्रीटचा तुकडा दोन्ही थरांना मुठीत धरून ठेवतो. मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यांत लांब आरपार दगड टाकणारे गवंडी होतेच. मधल्या काळात मजुरी आणि दगड दोन्ही वाचवायला ती रीत सुटली होती.

याच्या जोडीला छपरावरची जास्तीची माती उतरवायची. भिंतीच्या कोपऱ्यांना जाळी ठोकून सिमेंटचा गिलावा करायचा. दारा-खिडक्यांच्या वरून घराला चहूबाजूंनी पट्टा घ्यायचा आणि लाकडी खांब-तुळयांच्या सांध्याला तिरके आधार मारायचे. बस्स. यातले प्रत्येक काम गावचा गवंडी आणि सुतार करू शकतो.

पण तंत्र सोपे असले तरी माणसाचे मन सोपे नसते. एका गावात एक वयस्क बाई, सगळे त्यांना मावशी म्हणत, भिंतीवरच्या खडूच्या खुणांकडे बराच वेळ पाहत राहिल्या आणि मला म्हणाल्या, “सायब, ह्या दगडानंच माझं माणूस खाल्लंय. त्यालाच लोखंड बांधून मी त्याच्याखाली निजू व्हय?” त्यांना मी मानकाची कलमे काय सांगणार? मी म्हणालो, “मावशी, तुम्हाला कसं घर पायजे ते सांगा.” त्यांनी सांगितले. मागची भिंत निम्मी उतरवून तिचा दगड पायाला वापरायचा आणि वर विटांची एकच खोली, वर पत्रा. जुना भाग धान्याला आणि जनावरांना. तो मजबूत करायचा, पण निजायचे नव्या खोलीत. मंजूर रकमेत हे बसत होते आणि नियमातही बसवता आले. अनेक गावांत लोकांनी हाच मार्ग घेतला. कित्येकांनी जुन्या घराच्या मजबुतीकरणाऐवजी एखादी नवी खोली बांधणे पसंत केले.

अभियंता म्हणून मला काही ठिकाणी जुनी भिंत वाचली असती तर बरे वाटले असते. तरीही मी म्हणेन की निवड मालकाची होती, हेच त्या कार्यक्रमाचे बळ होते. ज्या घरात माणसाला झोप लागत नाही, ते तांत्रिकदृष्ट्या कितीही सुरक्षित असले तरी दुरुस्त झालेले नसते.

उलट, आखीव रस्त्यांच्या पुनर्वसित गावांत बैल कुठे बांधायचे, कडबा कुठे रचायचा, शेजारी कोण असेल, हे लोकांना कोणी पुरेसे विचारले नाही. घरे पक्की होती, पण कित्येक कुटुंबांना आपला संसार त्या चौकटीत बसवताना वर्षानुवर्षे धडपडावे लागले. तिथले लोक आजही सांगतात की घर मिळाले, अंगण गेले.

बायकांनी वाचलेली यादी

दुसरी गोष्ट पैशाची आणि माहितीची. एक लाख ऐंशी हजार घरांच्या खात्यांवर पैसे जायचे म्हणजे तिथे दलाल येणार, चुकीची नावे घुसणार, खरी नावे गळणार. हे टाळायचे कसे? कार्यक्रमाने एक चांगले पाऊल उचलले. स्वयं शिक्षण प्रयोग ही प्रेमा गोपालन यांची संस्था लोकसहभागाच्या कामात आली आणि शेकडो गावांत महिला मंडळांमधल्या बायका संवाद सहायक म्हणून उभ्या राहिल्या.

त्यांचे काम काय होते? ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावलेली यादी घरोघरी वाचून दाखवायची. तुझ्या नवऱ्याच्या नावापुढे कोणती प्रत लिहिली आहे, तिला किती रक्कम आहे, पहिला हप्ता आला की नाही, पासबुकात भरून घेतला की नाही, हे विचारायचे. गवंड्याने पट्टा घेतला की नुसता गिलावा मारून घर चकचकीत केले, हे पाहायचे. आणि अडले की अभियंत्याला बोलवायचे. मला आठवते, आमच्यापैकी कोणी तपासणीला गेला की घराची मालकीण आधी सळईची जाडी विचारी. सहाची की आठची? ज्या बाईने कधी बँकेची पायरी चढली नव्हती, ती पासबुक पदराला बांधून तालुक्याला जाऊ लागली. पुढे 2001 साली भूजचा भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका कच्छच्या बायकांना भेटायला गेल्या आणि आपण काय केले, कुठे फसलो, कुठे सावध झालो, हे त्यांनी तिथे सांगितले.

गुजरातने मालकाच्या हाती काम देण्याचा हा रस्ता आणखी पुढे नेला. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपानंतर तिथे नऊ लाखांहून अधिक घरांची दुरुस्ती झाली. पुनर्बांधणीचे पैसे तीन हप्त्यांत, 40, 40 आणि 20 टक्के, कामाची पाहणी करून देण्यात आले. मालकाच्या हाती पैसा, दाराशी अभियंता आणि फळ्यावर यादी, याच गोष्टी तिथेही कामी आल्या.

आज दुरुस्तीला काय मिळते

आता आजच्या काळात येऊ. पूर, वादळ, गारपीट, भूकंप, आग यांत घराचे नुकसान झाले तर राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत मिळते. या निधीत महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा 75 टक्के आणि राज्याचा 25 टक्के असतो. 2022 ते 2026 या काळासाठीचे केंद्राचे निकष ऐका. घर पूर्ण पडले किंवा फार मोठे नुकसान झाले तर सपाट भागात 1,20,000 रुपये, डोंगरी भागात 1,30,000. झोपडीला 8,000. घराला लागून असलेल्या गोठ्याला 3,000. आणि घराचे अंशतः नुकसान झाले असेल तर पक्क्या घराला 6,500 आणि कच्च्या घराला 4,000. तेही नुकसान किमान 15 टक्के असेल तरच.

या आकड्यांमधली दरी पाहा. घर पूर्ण पडले तर एक लाख वीस हजार, अर्धे पडले तर साडेसहा हजार. साडेसहा हजारांत एका गवंड्याची आणि दोन बिगाऱ्यांची आठवडाभराची हजेरीसुद्धा निघत नाही. सिमेंट, पत्रे, वाळू दूरच राहिली. आणि 15 टक्के ठरवायचे कसे? पंचनाम्याला तलाठी येतात, ग्रामसेवक येतात. दोघेही कामाच्या ओझ्याखाली, आणि भिंतीला आलेले पोट तीन महिन्यांत भिंत पाडेल की तीस वर्षे तसेच राहील, हे त्यांना शिकवलेले नाही. त्यामुळे जी भिंत कोसळली ती नोंदली जाते आणि जी कोसळणार आहे ती सुटते. वादळ मोठे असले तर राज्य सरकार वाढीव मदत जाहीर करते. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हाही असे झाले. पण कोकणात जूनचा पाऊस डोक्यावर असताना कौले आणि पत्रे आठ दिवसांत लागतात. महिन्यांनी आलेल्या मदतीतून कर्ज फिटते, छप्पर शाकारले जात नाही.

हे झाले आपत्तीचे. पण बहुतेक घरे आपत्तीत पडत नाहीत, म्हातारी होऊन पडतात. वाळवी लागलेली तुळई, पाझरणारा पाया, सडलेले वासे यांना या निधीत जागा नाही. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण, रमाई, शबरी या योजना बेघरांसाठी आणि कच्च्या घरातल्यांना पक्के घर देण्यासाठी आहेत. ते काम मोलाचे आहे आणि ते चालूच राहिले पाहिजे. मात्र पूर्वीच्या इंदिरा आवास योजनेत 1999-2000 पासून 20 टक्के निधी कच्च्या घरांच्या सुधारणेसाठी राखलेला असे. सुरुवातीला घरामागे 10,000, पुढे 12,500 आणि 2008 पासून 15,000 रुपये. 2016 मध्ये नवी योजना आली, घरकुलाची रक्कम वाढली आणि सुधारणेचा हा भाग मात्र गळाला.

मध्यमवर्गाकडे पाहिले तरी कल तोच. आयकराच्या जुन्या करप्रणालीत राहते घर घेण्यासाठी किंवा बांधण्यासाठी काढलेल्या कर्जावरील व्याजाची वजावट 2 लाखांपर्यंत आहे. दुरुस्तीसाठी काढलेल्या कर्जावर ती 30,000. गरिबाच्या योजनेत आणि पगारदाराच्या करात, दोन्हीकडे सरकार एकच सांगते की नवे बांधा, जुने सांभाळू नका.

खासगी इमारतीच्या दुरुस्तीवर सरकारने पैसा का खर्चावा, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर महाराष्ट्राने 1969 सालीच दिले आहे. मुंबईतल्या जुन्या चाळी कोसळू लागल्या, तेव्हा विधिमंडळाने कायदा करून इमारत दुरुस्ती मंडळ स्थापन केले. उपकर बसवला आणि त्यात सरकार व महापालिकेचा वाटा घातला. तेव्हा 19,642 इमारती या कायद्याखाली आल्या. त्या मंडळाच्या कामाबद्दल पुष्कळ बोलता येईल, पण मूळ तत्त्व मोलाचे आहे. पडायला आलेले घर ही एकट्या मालकाची काळजी राहत नाही, ते समाजाचे उत्तरदायित्व होते. मुंबईच्या चाळीला लागू झालेले हे तत्त्व औशाच्या माळवदाला आणि गुहागरच्या कौलारू घराला का लागू होऊ नये?

मदत मागताना

धोरण बदलेल तेव्हा बदलेल. आज नुकसान झाले तर काय करावे, हे गुरुजींच्या ओट्यावर बसून सांगावे तसे सांगतो.

पाऊस-वादळ थांबताच, आवराआवर करण्याआधी घराचे चारही बाजूंनी आणि आतून फोटो काढा. भिंतीतला तडा, वाकलेले आढे, उडालेले पत्रे स्पष्ट दिसू द्या. तलाठ्याला आणि ग्रामसेवकाला त्याच दिवशी कळवा. फोनवर सांगितले तरी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पंचनाम्याच्या वेळी घरातला जाणता माणूस हजर हवा. कोणते नुकसान नोंदले, ते वाचून मगच सही किंवा अंगठा करा. स्वयंपाकघराची मागची भिंत, गोठा, न्हाणी हे नेहमी राहून जाते. ते दाखवा.

कागदांत सर्वांत महत्त्वाचा नमुना 8, म्हणजे ग्रामपंचायतीतला घराचा उतारा. घर अधिकृत बांधकाम असल्याचे दाखवता आले पाहिजे, अशी निधीच्या निकषांतच अट आहे. आजोबांच्या नावावर घर आणि राहतात चार भाऊ, अशी स्थिती असेल तर वारसनोंद आजच करून घ्या. आपत्तीनंतर त्या कामाला सवड मिळत नाही. 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणाचे ड्रोनने मोजमाप होऊन मालमत्ता पत्रक मिळते. तुमच्या गावची मोजणी झाली असेल तर सनद घेऊन ठेवा. नमुना 8 वर नवरा-बायको दोघांचीही नावे लावता येतात. ती लावा. पुरुष शहरात कामाला गेलेला असतो, तेव्हा पंचनाम्याच्या वेळी घरात बाईच असते. तिचे नाव कागदावर असले की तिला कोणी परत पाठवू शकत नाही.

बँक खाते आधारला जोडलेले आणि चालू आहे ना, हे आधीच तपासा. मंजूर झालेली मदत बंद खात्यामुळे परत जाते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. यादी लागली की ती स्वतः वाचा. नाव नसेल तर किंवा प्रत चुकीची लागली असेल तर तहसीलदारांकडे लेखी हरकत द्या आणि फोटो जोडा. आणि पैसे आल्यावर आधी छप्पर हलके करा, भिंत बांधा, सांधे पक्के करा. रंग आणि फरशी नंतर. दुरुस्तीचा पैसा दिखाव्यात गेला तर पुढच्या धक्क्याला घर तसेच कच्चे राहते.

पुढे काय हवे

सरकारकडे माझ्या मागण्या मोजक्या आहेत. घरकुलाच्या निधीतला ठरावीक भाग उभ्या घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणासाठी पुन्हा राखून ठेवावा. अंशतः नुकसानीला एकच ठोक आकडा न देता किल्लारीप्रमाणे प्रती कराव्यात आणि प्रतीप्रमाणे रक्कम द्यावी. पंचनाम्याच्या पथकात बांधकाम जाणणारा एक माणूस असावा. तो शाखा अभियंताच हवा असे नाही, प्रशिक्षण घेतलेला गवंडीही चालेल. पहिला हप्ता पंचनाम्यानंतर थोड्या दिवसांत आणि उरलेला काम पाहून द्यावा. प्रत्येक तालुक्यात दगड-माती-लाकडाची घरे दुरुस्त करणारे गवंडी-सुतार शिकवून तयार करावेत, कारण जुन्या घराची नस ओळखणारी पिढी आता म्हातारी झाली आहे. आणि हे सगळे आपत्तीची वाट न पाहता सुरू करावे. किल्लारीत आपण आठ हजार माणसे गमावून शिकलो. तेच ज्ञान वापरायला पुन्हा तीच किंमत का मोजायची?

काही जण म्हणतील, लोकांच्या हातात पैसा दिला की तो लग्नात आणि देण्याघेण्यात जातो. एक लाख ऐंशी हजार घरांचा अनुभव याच्या उलट सांगतो. काही ठिकाणी गैरवापर झालाच. पण हप्ता कामाला बांधलेला होता, यादी उघडी होती, गावातल्या बायका पाहत होत्या आणि अभियंता वारंवार येत होता, तिथे लोकांनी मंजूर रकमेत स्वतःची भर घालून काम केले. विश्वास टाकला आणि सोबत केली, तर माणूस आपल्या घरासाठी सरकारपेक्षा जास्त खर्च करतो. ही मानवी प्रवृत्ती ओळखूनच योजना आखली पाहिजे.

शेवटी गावाकडे एक मागणे. 1 मे ला ग्रामसभा असते आणि त्यानंतर महिन्याभरात पाऊस येतो. या ग्रामसभेत एक ठराव मांडा. गावातल्या पडायला आलेल्या घरांची यादी करायची. कोणत्या घराची भिंत सुटली आहे, कुठे माळवदाचे ओझे वाढले आहे, कुठे एकटी म्हातारी राहते, हे गवंडी आणि सुतार सोबत घेऊन, घरोघर फिरून लिहायचे. ती यादी फळ्यावर लावायची आणि तिची एक प्रत तहसील कार्यालयात, एक प्रत पंचायत समितीत पोच घेऊन द्यायची. ज्या घराची डागडुजी गावच्या श्रमदानातून होऊ शकते, ती पावसाआधी करून टाकायची. ज्या घराला पैसा लागणार आहे, त्याचा अर्ज त्याच दिवशी लिहायचा. दोन हजार गावांनी एकाच महिन्यात अशी यादी दिली तर कोणत्याही सरकारला दुरुस्तीसाठी तरतूद करण्यावाचून गत्यंतर राहणार नाही. ठरावाचा मसुदा मी लिहून आणला आहे. सभा संपल्यावर तो घेऊन जा, आपल्या गावाप्रमाणे बदला आणि सभेत वाचा.